मीटर आधी

एकतीस वर्षं नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसमध्ये
माझं काम एवढंच : चुकलेला ताव शोधायचा.
शाई सरकली, आकडा अर्ध्या केसाने खाली बसला
की लाल पेन्सिलीची तिरकी रेघ.
पुढे त्या तावाचं काय व्हायचं ते आम्ही बघायचो नाही,
धुराड्याकडे पाठ करून डबा उघडायचो.

निवृत्त झालो. डोळ्यांना काम उरलं नाही.
बायको म्हणाली, मेथी निवडा.
मेथीत चुका नसतात.

मग ही पाणबुड्यांची घड्याळं लागली.
जुनी, जाड काचेची, मनगटावर वाटीएवढी,
समुद्राच्या तळासाठी घडवलेली
आणि आमच्याकडे लग्नांत, बँकेच्या रांगांत झिजलेली.
तबकडीवर दोनशे मीटरची ग्वाही,
रामकुंडात पाणी छातीपर्यंत.
यात सरळ घड्याळाला कुणी विचारत नाही.
भाव असतो तो ढळलेल्याला :
काळी तबकडी उन्हात राहून चहासारखी झाली,
रेडियमचे ठिपके पिकले,
एखाद्या वर्षी पांढरी ओळ लाल छापली गेली,
फूट आधी असायचे तिथे मीटर आधी आले.
तेवढ्यासाठी माणसं परदेशातून फोन करतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी रात्रभर जागा होतो,
लाल रेघा मोजत.

कोकणीपुऱ्यात हनीफचं दुकान, दीड माणसाचं.
ओझरच्या कुणा फिटरने दुरुस्तीला टाकलेलं,
परत न नेलेलं एक घड्याळ
त्याने तपकिरीच्या डबीतून काढलं.
मीटर आधी.
माझा हात कापला, हे मी कबूल करतो.
फोटो पाठवला. शारजाहून तासाभरात आकडा आला,
चार लाख, आणि घाई करू नका म्हणत घाई.

घरी आणून दिव्याखाली भिंग लावलं.
छापलेल्या ओळीत शाई सारखी असते,
ते मला झोपेतही कळतं.
इथे ओळ उजवीकडे जाड होती
आणि डावीकडे येता येता संपत आलेली.
कुणीतरी उजवीकडून लिहायला घेतलं होतं.
शेवटच्या अक्षराला बारीक शेपूट,
जसं वळण त्या हाताला लहानपणापासून ठाऊक असावं.

दुसऱ्या दिवशी हनीफने आधी चहा सांगितला.
मग म्हणाला, अब्बांचा हात आहे, वाघचौरेसाहेब.
पाणी शिरून तबकड्या सोलायच्या, नवी मिळायची नाही.
खारीच्या शेपटीचा एक केस घ्यायचे,
श्वास रोखून बसायचे,
आई मला बाहेर पाठवायची, दार आपटू नये म्हणून.
इंग्रजी येत नव्हतं त्यांना.
अक्षरं म्हणजे चित्रं.
कुठून सुरू करायचं हे चित्राला कोण विचारतं?

शारजाला मी कळवलं : रंगवलेली आहे, कारखान्याची नाही.
तिकडून एक शब्द आला, सभ्य भाषेतली शिवी,
मग काही नाही.
हनीफने घड्याळाचे साफसफाईचे साडेतीनशे घेतले,
वर पट्टा दिला, गिऱ्हाइकाने विसरलेला.

निघताना विचारलं, अशी आणखी किती केली त्यांनी?
त्याने छताकडे बघून बोटं मोडली.
सात. आठ असतील.
एक देवळालीच्या लष्करातल्या माणसाचं होतं,
एक दहीपुलावरच्या भांडीवाल्याचं,
बाकी आठवत नाहीत. शहरातच असतील कुठेतरी.

तेव्हापासून मी चेहऱ्यांकडे बघत नाही.
रविवार कारंज्यावर, मिसळीच्या टेबलाशी,
सिटीबसमध्ये वरची दांडी धरलेल्या म्हाताऱ्या हातांकडे बघतो.
परवा पंचवटीत एकाने विचारलं,
काय हो, किती वाजले ते पाहताय की घड्याळ चोरताय?
म्हटलं, जरा बाही वर करता का,
उजवीकडून.